घंटेमागोमाग वसईला

फार मोठ्यानं बडबडणाऱ्याला तुमच्या घरी 'नारोशंकराची घंटा' म्हणतात का हो? आमच्याकडे मलाच म्हणत! दोस्तांनो, ही घंटा खरीखुरी आहे बरं का. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात ती टांगलेली आहे. तिच्यावर साल आहे १७२१. ही पोर्तुगीज घंटा चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर नाशिकला आली. तर मग चला, आज वसईलाच जाऊ.

वसई रोडला गाडीतून उतरायचं आणि रिक्षानं पश्चिमेकडे निघायचं. इमारतींची गर्दी संपली की केळीच्या वाड्या लागतात, माडांमधून चर्चचे पांढरे मनोरे डोकावतात. मी रविवारी सकाळी गेलो होतो. घंटा झाली आणि माणसं वाड्यांतून बाहेर पडू लागली. त्यात एका आजीबाईंनी लाल लुगडं नेसलं होतं. मी नेमका त्यांच्याच शेजारी बसलो.

इथल्या रविवारच्या उपासनेला मिस्सा म्हणतात. पहिल्यांदा गेलात तर गोंधळाल हं! सगळे उभे तेव्हा मी बसलेला, सगळे गुडघ्यांवर तेव्हा मी खांबासारखा उभा. आजींनी माझी बाही ओढली. नंतर त्यांनीच समजावलं, "शुभवर्तमान वाचताना उभं राहायचं. येशूचे शब्द ना ते! प्रवचनाला बसायचं. फादर भाकर आणि द्राक्षारस वर उचलतात तेव्हा गुडघे टेकायचे." येशूनं शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या भोजनाची ती आठवण. ख्रिस्त तिथं खरोखर हजर असतो, अशी कॅथलिक लोकांची श्रद्धा आहे.

या साऱ्या ठरलेल्या क्रमाला इंग्रजीत लिटर्जी म्हणतात, मराठीत उपासनाविधी. मूळ शब्द ग्रीक. तिकडे त्याचा अर्थ होता लोकांसाठी केलेलं काम. पण गंमत बघा, शेकडो वर्षं लोकांना या कामातलं फारसं काही कळतच नव्हतं! सगळं चाले लॅटिनमध्ये. फादर वेदीकडे तोंड करून प्रार्थना म्हणत, उत्तरं देत ती मदतनीस मुलं, तीही घोकून. बाकीचे आपापली जपमाळ ओढत. मग नेमक्या क्षणी लहानशी घंटा किणकिणे. आता वर बघा, असा तिचा निरोप! पुढे रोममध्ये १९६२ ते १९६५ या काळात जगभरच्या बिशपांची मोठी परिषद भरली. तिनं लोकांच्या भाषेत उपासना करायची वाट मोकळी केली आणि वसईच्या चर्चमध्ये मराठी आली.

मी विचारलं, "आजी, तुम्हाला तेव्हा बरं वाटलं असेल?"

त्या जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी आई गेली ना, तेव्हा मी शाळेत होते. फादरांचा झगा काळा होता. लॅटिनमध्ये खूप काही म्हणाले. माझ्या आईसाठी देवाकडे काय मागताहेत ते मला कळलंच नाही बघ. मालक गेले तेव्हा मात्र मराठी होतं. शब्द न् शब्द कळला. रडू आलं ते तेव्हाच."

म्हणजे जुनं सगळं वाईट, असं त्यांना म्हणायचं होतं का? छे! घरी चहा पिताना त्यांनी लॅटिन मिस्सेतला एक तुकडा एका दमात म्हणून दाखवला. त्यातलं 'किरिए एलेइसॉन' तर लॅटिनही नव्हे, चक्क ग्रीक! अर्थ, प्रभो, दया कर. 'आमेन' आणि 'हालेलुया' मूळचे हिब्रू, ते मराठी उपासनेतही तसेच राहिलेत. आजींचा नातू हसायला लागला. त्याला पुढच्या रविवारी वेदीजवळ उभं राहून दुसरं वाचन करायचं होतं आणि 'थेस्सलनीकाकर' या शब्दावर जीभ अडखळत होती.

"हसतोस काय? पुन्हा म्हण," आजी म्हणाल्या. "मागच्या बाकावर मी बसणारेय. मला ऐकू आलं पाहिजे."


तो पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला. या वेळी नारोशंकराच्या घंटेसारखा!