कोयत्याला निघालेली आजी

दसऱ्यानंतर पाथर्डी भागात चार आठवड्यांचा उपचाराचा प्लॅन लिहिणारा माणूस एक तर बाहेरगावचा असतो, नाहीतर विद्यार्थी. मी इथलीच, म्हणजे दुसऱ्या प्रकारातली. मुंबईत ऑक्युपेशनल थेरपी शिकत होते. इंटर्नशिपमधली ग्रामीण पोस्टिंग हट्टानं आपल्या जिल्ह्यात मागून घेतली. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर, तरी एसटी स्टँडवर अजून ‘नगर, नगर’च ऐकू येतं.

मुंबईत दहाचा पेशंट दहाला येई. इथं मढीची यात्रा लागली की ओपीडी ओस, बाजाराच्या दिवशी बसायला जागा नाही. एकदा कडबाकुट्टीत बोटं गेलेला पोरगा आला. शिवलेल्या टेंडनवर ताण आला तर तो तुटतो, म्हणून स्प्लिंट त्याच दिवशी हवा. थर्मोप्लास्टिकची शीट साधारण सत्तर अंशांच्या पाण्यात मऊ होते, आणि लाइट गेलेली. शिपाई मामांनी समोरच्या टपरीवरून पातेलंभर उकळतं पाणी आणलं. त्यात गार पाणी घालत, शीट आधी स्वतःच्या हाताला लावून बघत काम उरकलं. अशा गोष्टींची भीती लवकर जाते. वस्तूची अडचण कुणीतरी सोडवतंच.

माणूसच निघून जातो, तेव्हा काय करायचं?

उजव्या अंगावरून लकवा गेलेली एक आजी येत होती. उभं राहणं जमू लागलं होतं. एके दिवशी मुलगा म्हणाला, “ताई, परवा ऊसतोडीचा ट्रक हाये. मुकादमाची उचल घेतलीय.” नवरा-बायको मिळून एक कोयता; थोरली मुलगी, तान्हं पोर आणि आजी कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, राहणार. “थांबा” म्हणायचा मला हक्क नव्हता. आगाऊ घेतलेली ती उचल मी फेडणार नव्हते.

बार्थेल इंडेक्समध्ये दहा प्रश्न असतात. त्यांतला एक जिना चढण्याचा. कोपीला जिना नसतो. तिथं वाकून आत शिरावं लागतं, जमिनीवर बसावं-उठावं लागतं, आणि शौचाला उसाच्या कडेनं, धरायला काही नसताना. मी फाइल मिटली आणि मामांना ताडपत्री मागितली. व्हरांड्याच्या दोन खांबांना ती कमरेएवढ्या उंचीवर बांधली. “पोरी, हितं पण कोपी घातली का?” आजी हसली. मग वाकून आत जाणं, डाव्या गुडघ्यावर भार देऊन खाली बसणं, तसंच उठणं. बाळ मांडीवर घेताना उजव्या हाताखाली घडी घातलेलं लुगडं, म्हणजे हात लोंबकळत नाही.

सगळ्यात चांगलं शिकली ती आजीची थोरली, दहाएक वर्षांची नात. आजीला दंडाला धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो, कमरेला धरायचं. तिनं ते वडलांनाही दाखवलं. दिवसभर आजीपाशी तीच असणार होती. तिच्या शाळेचं मी विचारलं. कुणी काही बोललं नाही.

त्या दिवसापासून चार आठवड्यांचा प्लॅन मी लिहिणं सोडलं. आजची भेट शेवटची ठरली तर घरी काय जाईल, एवढं आधी ठरवते. बाकीचं पेशंट परत आला तर.

कमलाबाई निंबकरांनी मुंबईच्या केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं शिक्षण 1950 साली सुरू केलं. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगामही 1950-51 चा. कारखान्याचं वेळापत्रक आमच्या जिल्ह्याला तोंडपाठ आहे. आमच्या विषयाच्या वह्यांत ते अजून उतरलेलं नाही.

पुढं इथं येणाऱ्या इंटर्नांनी केसपेपरवर ‘ऊसतोडीला जाणार का, कुठं, कधी’ असा रकाना काढावा, मुकादमाचा फोन नंबर लिहून घ्यावा. आणि ज्यांच्या घरात लकव्याचं माणूस आहे त्यांनी ट्रक दारात यायची वाट न बघता, उचल घेतील त्याच आठवड्यात आम्हाला येऊन सांगावं.