अंबाडी, अमारी, गोंगूरा

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की गोंदियानंतर डब्यातलं मराठी हळूहळू कमी होत जातं. डोंगरगडला खिडकीतून बमलेश्वरीची टेकडी दिसते, आणि तिच्याजवळच प्रज्ञागिरीवरचा बुद्ध. मग राजनांदगाव, दुर्ग. पुढे भिलाई पॉवर हाऊस नावाचं स्टेशन आहे, तिथं मी उतरते. लहानपणी मला वाटायचं की हे स्टेशन फक्त माझ्या मावशीच्या घरासाठी बांधलंय.

मावशी खुर्सीपारला राहते. भिलाई म्हटलं की लोकांना मैत्री बाग आठवते, नाहीतर सेक्टरांमधले सरळ रुंद रस्ते आणि दुतर्फा झाडं. खुर्सीपार ही भिलाईची दुसरी बाजू. एकीकडे कारखाना, दुसरीकडे जी. ई. रोडवरचे ट्रक आणि रेल्वेची लाईन. मध्ये लहान लहान क्वार्टर, वस्त्या, दुकानं, देवळं, चर्च, मशिदी, विहार. रात्री आकाश कधीकधी नारिंगी होतं. पाहुणे दचकतात, घरचे कूस बदलून झोपतात.

सोव्हिएत मदतीनं इथं पोलाद कारखाना उभारायचा करार १९५५ सालचा. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली धमनभट्टी सुरू झाली. तेव्हा आंध्रातून, ओडिशातून, बिहारमधून माणसं कामाला आली, तशी विदर्भातूनही आली. दुर्ग तसं परकं नव्हतंच म्हणा. १९५६ पर्यंत या भागाची राजधानी नागपूरच होती. काकांचे वडील भंडाऱ्याकडून आले. आले तेव्हा त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी होती. नागपूरला दीक्षाभूमीवर ते १९५६ ला होते, हे ते शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायचे. पेटी अजून घरात आहे. आता तिच्यात बियाणं ठेवतात.

तर, या वेळी मी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेले. ३ जानेवारीला विहारात सावित्रीबाईंची जयंती होती आणि मावशीनं फोनवर सांगितलं होतं, "ये गं, पोरगी बोलणार आहे या वेळी."

पोरगी म्हणजे माझी मावसबहीण. आठ वर्षांची. दोन पावसाळ्यांपूर्वी ती या घरात आली, तेव्हा साडेसहा वर्षांची होती. तिचं नाव इथं लिहीत नाही. त्याआधीचं तिचं जे काही आहे, तेही लिहीत नाही. ती गोष्ट तिची आहे, मोठी झाल्यावर सांगायची की नाही ते ती ठरवेल.

मावशी-काकांना मूल नव्हतं. दत्तकाचा विचार त्यांनी उशिरा केला, आणि केला तेव्हा पहिली गाठ पडली ती बेरजेशी. नियमात नवरा-बायकोच्या वयाची बेरीज पाहतात. दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं असेल तर बेरीज ८५ च्या आत, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १००. काका ४९, मावशी ४५. चौऱ्याण्णव. म्हणजे तान्हं बाळ मिळणारच नव्हतं. मावशी त्या रात्री रडली होती, हे मला तिनंच सांगितलं. मग काका म्हणाले, "पाळणा नाही तर नाही. चालत येणारं मूल येईल." मोठ्या मुलांना घर मिळणं जास्त अवघड जातं, बहुतेकांना बाळच हवं असतं, हे त्यांना नंतर संस्थेतल्या ताईंनी सांगितलं.

सरकारी पोर्टलवर नोंदणी, कागदपत्रं, डॉक्टरांचे दाखले. मग समाजसेविका घर पाहायला आल्या. मावशीनं आदल्या दिवशी डबे घासले, पडदे बदलले. त्या बाईंनी डब्यांकडे पाहिलंही नाही. त्यांनी शेजाऱ्यांशी कसं जमतं ते विचारलं, नातेवाइकांना सांगितलंय का ते विचारलं, आणि मागच्या बाडीत बराच वेळ थांबल्या. २०२२ पासून दत्तकाचा अंतिम आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, त्यामुळे तारखांच्या चकरा वाचल्या. आदेशानंतरही, मूल घरी आल्यापासून दोन वर्षं होईपर्यंत, दर सहा महिन्यांनी कोणीतरी येऊन मूल कसं आहे ते पाहून जातं.

मूल कसं होतं? गप्प होतं. जेवायची, झोपायची, सांगितलेलं सगळं ऐकायची. बोलायची नाही. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, डाव्या भिंतीपलीकडे तेलुगू. आणि ती गावाकडची, छत्तीसगढी बोलणारी. मावशीला छत्तीसगढी समजते, पण बोलताना अडखळते. दिवाळीनंतर तिला जवळच्या एका शाळेत घातलं. तिसऱ्या आठवड्यात तिथल्या बाईंनी काकांना बोलावून सांगितलं, "ये बच्ची तो कुछ बोलती ही नहीं." तिला शेवटच्या बाकावर बसवलं होतं, वही कोरी. शिक्षण हक्क कायद्यात अशा मुलांना वयाप्रमाणे वर्गात घेऊन वेगळी शिकवणी द्यायची तरतूद आहे, काकांना हे माहीत होतं. भांडायचं की घरी आणायचं, यावर दोघांनी एक रात्र घालवली. घरी आणलं.

घरी शिकवणं म्हणजे काय, याबद्दल मोबाईलवर खूप छान छान व्हिडिओ दिसतात. लाकडी खेळणी, स्वच्छ टेबल, हसणारी मुलं. मावशीच्या घरी यातलं काही नाही. काकांची ड्यूटी आठवड्याला बदलते. फर्स्ट शिफ्ट असली की ते अडीचला घरी येतात आणि जेवून गणिताला बसतात. नाईट असली की सकाळी घरात आवाज करायचा नाही, म्हणून अभ्यास बाडीत. असं करता करता बाडीतलाच अभ्यास जास्त झाला.

क्वार्टरच्या मागे बारा बाय वीस फुटांची जागा आहे. छत्तीसगढीत बारी किंवा बाडी. मूळ जमीन मुरमाची. काकांच्या वडिलांनी बाहेरून कन्हार माती आणून टाकली, शेण टाकलं, आणि साठ वर्षं ते चालूच आहे. पानांवर कारखान्याची काळी धूळ बसते, भाजी तीनदा धुवावी लागते. तरी लाल भाजी येते, मेथी, टोमॅटो, कोपऱ्यात मुनग्याचं झाड, आणि दिवाळीला खणायचा जिमीकांदा, म्हणजे आपला सुरण. क्वार्टर कंपनीचं आहे. काका निवृत्त झाले की माती इथंच राहणार. हा विषय घरात कोणी काढत नाही.

पोरगी पहिल्यांदा आपणहून बोलली ती इथं. शाळा सोडल्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. मावशी अंबाडी खुडत होती. पोरगी बाजूला उभी. म्हणाली, "अमारी."

मावशी म्हणाली, "काय?"

"अमारी भाजी." आणि मावशीच्या हातातली फांदी घेऊन कोवळी पानं कुठली आणि जून कुठली, ते दाखवायला लागली. चुकीचं खुडतेस, असं. भिंतीपलीकडच्या तेलुगू अक्का कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "गोंगूरा? इकडे पण दे थोडी."

त्या रात्री मावशीनं कोऱ्या वहीचं पहिलं पान काढलं, आडव्या रेघा मारल्या. अंबाडी, अमारी, गोंगूरा. खाली दुसरी ओळ: कोहळा, रखिया. तोंडली, कुंदरू. लाल माठ, लाल भाजी. शेवगा, मुनगा, आणि त्याच्यापुढे कंसात "आपण पण मुनगाच म्हणतो", कारण विदर्भात आपण मुनगाच म्हणतो. अक्षरओळख या वहीतून झाली. वजन-मापं भाजीच्या जुडीतून, गुणाकार वाफ्यातल्या रोपांच्या रांगांमधून. ती वही मी पाहिली. सुरुवातीला मावशीचं अक्षर, विसाव्या पानापासून तिचं.

मला या सगळ्यात एक गोष्ट खटकते आणि ती मी मावशीला बोललेही. पोरीला तिच्या वयाच्या मैत्रिणी कमी आहेत. अक्कांची नात सोडली तर बाकी मोठी माणसंच. मावशी म्हणाली, "मला माहीत आहे. म्हणून तर या जूनमध्ये शाळा." दहावी घरून करायची झाली तर मुक्त विद्यालयाची सोय आहे, चौदा वर्षांनंतर बसता येतं, हे तिला ठाऊक आहे, पण तिला तसं करायचं नाही. घर हे तिच्यासाठी शाळेला पर्याय नव्हतं. पोरीला आधी बोलावंसं वाटावं एवढंच हवं होतं.

संध्याकाळी या घरात दिवे लागले की बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंसमोर मेणबत्ती लागते, त्रिशरण-पंचशील होतं. मग आजी, म्हणजे काकांच्या आई, गोष्ट सांगतात. पोरगी आल्यापासून आजींनी गोष्टी निवडून सांगायला सुरुवात केली, हे मला या वेळी लक्षात आलं. सिद्धार्थ सात दिवसांचा असताना महामाया गेली आणि त्याला महाप्रजापती गौतमीनं वाढवलं. ती त्याची मावशी. कबीर काशीच्या लहरतारा तलावाजवळ सापडला आणि नीरू-नीमा या विणकर जोडप्यानं त्याला घरी नेलं, अशी कथा आहे. छत्तीसगडमध्ये कबीरपंथी घरं पुष्कळ, दामाखेड्याला त्यांची मोठी गादी. कबीराचं नाव पोरीनं आधीच ऐकलं होतं. जोतिबा तान्हे असताना त्यांची आई चिमणाबाई गेल्या, त्यांना नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी सांभाळलं. बुद्ध, कबीर, फुले हे बाबासाहेबांचे तीन गुरू. आणि खुद्द बाबासाहेबांची आई भीमाबाई ते लहान असताना वारल्या, त्यांना मीरा आत्यानं वाढवलं. मी हे चारही तुकडे लहानपणापासून ऐकत आले, पण कधी एका ओळीत ठेवून पाहिले नव्हते. आजींनी ठेवले. आजींची शाळा चौथीपर्यंत.

गौतमीची गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा पोरीनं विचारलं होतं, "अउ ओकर पहिली दाई?" त्याच्या पहिल्या आईचं काय?

आजी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "ती पण त्याचीच." मग सगळे जेवायला उठले.

दाई या शब्दावरून मागच्या उन्हाळ्यात घरात चांगलंच वाजलं होतं. पोरगी मावशीला दाई म्हणते. छत्तीसगढीत दाई म्हणजे आई. पण नागपूरकडून आलेल्या एका नातेवाईक बाईंनी ते ऐकलं आणि पदर सावरत म्हणाल्या, "अगं, तुला दाई म्हणते? सुईण आहेस का तू तिची? आई म्हणायला शिकव आधी." पुढे रक्त, वळण, परकं मूल वगैरे सुरू झालं. मावशीनं चहाचे कप उचलले आणि शांतपणे म्हणाली, "ती आईच म्हणते, अक्का. तुम्हाला भाषा येत नाही." त्या बाई दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेल्या.

जयंतीच्या दिवशी विहारात गर्दी होती. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, बाहेर खिचडीचं मोठं पातेलं. तीन-चार मुलांची भाषणं झाली, बहुतेक पाठ केलेली. पोरगी उभी राहिली. तिनं भिडेवाड्याची शाळा १८४८ ची, हे सांगितलं. त्याआधी सावित्रीबाई घरीच शिकल्या, शेतातल्या कामाच्या मधल्या वेळात जोतिबांनी शिकवलं, हेही सांगितलं, आणि हे सांगताना तिनं काकांकडे पाहिलं. मग यशवंत. काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा, फुल्यांनी दत्तक घेतलेला. जोतिबा १८९० मध्ये गेले तेव्हा दत्तक मुलाच्या हक्काला भाऊबंदांनी हरकत घेतली, तर सावित्रीबाई स्वतः हातात टिटवं धरून पुढे चालल्या. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये आईबरोबर रोग्यांची सेवा करायला उभा राहिला.

मराठीत सुरू केलेलं भाषण मध्येच हिंदीत गेलं, शेवट छत्तीसगढीत झाला. कोणाला काही वाटलं नाही. खुर्सीपारमध्ये एका वाक्यात तीन भाषा येणं ही रोजचीच गोष्ट. आजी डोळे पुसत होत्या आणि शेजारच्या बाईला सांगत होत्या की धुरानं होतंय.

निघायच्या आदल्या रात्री मावशी जेवणाच्या टेबलावर शाळेचा फॉर्म घेऊन बसली. नवी शाळा, जूनचा प्रवेश, तिसरीचा वर्ग. तिथल्या मुख्याध्यापिकेला तिनं आधी जाऊन सगळं सांगून ठेवलंय. नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव, आईचं नाव भरून झालं. मग एका रकान्यापाशी पेन थांबलं. मातृभाषा.

"मराठी लिही ना," मी म्हटलं.

मावशी काही बोलली नाही. काका पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "दोन्ही लिही."

"रकाना बघा केवढासा आहे," मावशी म्हणाली. तिनं पेन ठेवलं, पेन्सिल घेतली, तीही ठेवली. आत अंथरुणावरून पोरीनं ओरडून विचारलं की उद्या ताईबरोबर भाजी द्यायची आहे ना, मग रात्रीच खुडायची की सकाळी?

"सकाळी," मावशी म्हणाली. "दव असताना."

सकाळी साडेसहाला त्या दोघी बाडीत होत्या. पानं संपत आली होती, झाडांवर लाल बोंडं धरली होती. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळून दोन्ही दिली. स्टेशनवर काका मला सोडायला आले, तेव्हा मी विचारलं, फॉर्मचं काय ठरलं? म्हणाले, अजून तारीख आहे.