दगडातली हजेरी

शांती नगरात पाहुणा सेक्टर चुकला नाही असं सहसा होत नाही. भाचाही चुकला, उशिरा उगवला. शेवटी मीरा रोडहून साडेनऊची गाडी मिळाली. दहिसर, मग बोरिवली. भाच्याला गूढ गोष्टींचं भारी वेड. गाडीत त्याने मोबाइलवर इंग्लंडातल्या शगबरो बागेतलं मेंढपाळांचं स्मारक दाखवलं. अठराव्या शतकातलं. त्यावर कोरलेल्या ओ-यू-ओ-एस-व्ही-ए-व्ही-व्ही या आठ अक्षरांचा सगळ्यांना पटेल असा अर्थ अजून लागलेला नाही.

म्हटलं, चल, आपल्या बागेतलं दाखवतो.

राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून बसने कान्हेरी. तळाशी तिसऱ्या लेण्यातल्या चैत्यगृहात सगळी गर्दी. आम्ही पायऱ्यांनी वर निघालो. कातळात खोदलेली पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली, वाटेवर शेवाळ वाळत आलेलं. नव्वदाव्या लेण्यात पोचेपर्यंत माझी धाप लागलेली.

आणि तिथे, बुद्धमूर्तींच्या शेजारी, बारीक आकड्यांसारखी वळणं. ब्राह्मी नाही, देवनागरी नाही.

‘‘कोड आहे!’’ भाचा म्हणाला.

जवळजवळ तसंच. ही पहलवी लिपी. तिच्यात न, व आणि र एकाच खुणेने लिहितात. वर काही शब्द लिहायचे अरामी आणि वाचायचे फारसी: लिहिलंय ‘मलका’, म्हणायचं ‘शाह’. इथलं कोडं सोडवणारे एडवर्ड वेस्ट पेशाने जीआयपी रेल्वेतले इंजिनिअर. त्यांनी कान्हेरीचे लेख उतरवले आणि पुढे ते पहलवीचे मोठे पंडित झाले.

अर्थ काय निघाला? हजेरी! देवाचं नाव, यज्दगर्दी सन ३७८ म्हणजे इसवी सन १००९, आणि इथे आलेल्या जरथुश्त्री मंडळींची बापाच्या नावासकट यादी. माह-अय्यार, पंजबुख्त, मर्दानशाद... ना खजिना, ना शाप. आपल्या अक्षीचा मराठी शिलालेख शके ९३४चा, म्हणजे १०१२चा. ही मंडळी त्याच्या तीनच वर्षं आधी कुणा परधर्मीयांच्या विहारात चढून आली होती. मला तर खजिन्यापेक्षा हेच जास्त आवडतं.

भाचा थोडा हिरमुसला. मग तारखा विचारू लागला. तारखा असलेले तीन लेख आहेत, सांगितलं: १० ऑक्टोबर १००९, २४ नोव्हेंबर १००९, ३० ऑक्टोबर १०२१.

‘‘म्हणजे पाऊस संपल्यावरच आले की!’’ तो म्हणाला आणि टाक्यातल्या पाण्यात हात घालून बसला.