ब्रुनोची शिकवणी

परवा सकाळी चार भिंतीच्या चढावर एक जुने सहकारी भेटले. माझ्या हातातल्या पट्ट्याकडे आणि माझ्या बाजूनं शांतपणे चालणाऱ्या ब्रुनोकडे पाहून म्हणाले, "सर, हा तोच का हो?" "तोच," म्हटलं. त्यांचा विश्वास बसेना, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. ह्याच ब्रुनोनं एकदा त्यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर दोन्ही पंजे उमटवले होते.

ब्रुनो खरं तर आमचा नव्हे, मुलाचा. जातीनं लॅब्राडॉर. २०२३ साली मुलाची बदली बंगळूरला झाली. तिथल्या घरमालकाला कुत्रा चालत नव्हता. "बाबा, सहा महिने सांभाळा," म्हणून दीड वर्षाचं हे धूड तो साताऱ्याला सोडून गेला. ते सहा महिने अजून चालूच आहेत!

फाटकाची कडी वाजली की हा झेपावलाच. दूधवाला पिशवी फाटकालाच अडकवून पळायचा. शेजारच्या वहिनींनी हळदीकुंकवाला येणं बंद केलं. फिरायला निघालो की मी ह्याला नेत नसे, हाच मला फरफटत न्यायचा. त्याला "सिट, सिट" म्हणून पाहिलं, पण माझ्या मराठी माध्यमाच्या उच्चारात ते त्याला कळत नसावं.

खाण्याची तऱ्हा तर विचारू नका. सकाळी दूध-पोळी, दुपारी तूप घालून वरणभात, रात्री उरलेली भाजी-आमटी. आमच्या चहाबरोबर ग्लुकोजची बिस्किटं, आणि पाहुण्यांनी कंदी पेढे आणले की पहिला मान ह्याचा. तासगावहून व्याही बेदाणे पाठवतात, तेही दोन-चार. पोट कायम बिघडलेलं. "वाढत्या वयाचा आहे हो," असं आमची ही म्हणायची, आणि उडी मारली की तोंडात एक बिस्कीट द्यायची. "घे बाबा, पण गप्प बस!"

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी ही तुळशीला पाणी घालून वळली आणि ब्रुनोनं लाडानं मागून झेप घेतली. ही पडली ती उजव्या हातावर. मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मुलाचा फोन आला, "बाबा, मी त्याला कुणाच्या तरी शेतावर देऊन टाकतो." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

त्या संध्याकाळी मी एक गोष्ट केली, ती लिहायला संकोच वाटतो. वर्तमानपत्राची सुरळी केली आणि त्याला चार-पाच तडाखे दिले. तो पळाला नाही. जमिनीला पोट टेकून पडून राहिला आणि तिथंच लघवी केली. नंतर कितीतरी दिवस मी पेपर वाचायला उघडला, नुसता पानांचा आवाज झाला, की तो पलंगाखाली जायचा.

एकतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. तेव्हा छडी टेबलावर असायचीच, कुणाला त्यात वावगं वाटत नसे. आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा होता. मी बाकांमधून नुसता चालत गेलो तरी त्याचा हात आपोआप तोंडाकडे जायचा. शुद्धलेखन त्याचं वर्षअखेरीपर्यंत तसंच राहिलं. त्याचं नाव मला पक्कं आठवतं. इथं लिहीत नाही. पलंगाखालचे ते दोन डोळे पाहिल्यावर तोच मुलगा आठवला, आणि त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी ही म्हणाली, "अहो, देऊ नका त्याला कुठं. जन्मभर लोकांची पोरं शिकवलीत ना? ह्याला शिकवा की."

आधी डॉक्टरांकडे नेलं. काट्यावर ४१ किलो भरला! जातिवंत नराला ३६ च्या पुढं जायचं कारण नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी खाण्याची यादी सांगत गेलो आणि ते एकेक पदार्थ खोडत गेले. मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना दूध पचत नाही. ते पोट त्यामुळंच. आमटीतला कांदा-लसूण त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. बेदाणे ऐकून तर ते खुर्चीत सरळच बसले. द्राक्षं, मनुका, बेदाणे ह्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात म्हणे. आम्ही प्रेमानं भरवत होतो! आणखी एक नवल सांगितलं. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळलं, की साधारण चौथा हिस्सा लॅब्राडॉरांत भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गहाळ असतो. पोट भरल्याचा निरोप त्यांना नीट पोचत नाही. म्हणजे केविलवाणे डोळे करणं हे सगळंच नाटक नव्हे.

मी विचारलं, गोडामुळं हा असा उधळतो का? ते हसले. "सर, बिस्किटानं तो उधळत नाही. उधळला की बिस्कीट मिळतं, म्हणून उधळतो."

घरी येताना हे वाक्य डोक्यात घोळत राहिलं. बी.एड.ला आम्ही थॉर्नडाइकचं मांजर आणि स्किनरची कबुतरं पाठ केली होती. प्रबलन, साधक अभिसंधान, सगळं दहा-दहा गुणांना लिहिलं होतं. बक्षीस प्रत्येक वेळी न देता अधूनमधून दिलं तर सवय अधिक चिवट होते, हेही लिहिलं होतं. लॉटरीचं तिकीट माणूस घेतच राहतो, तसं. आणि आमच्या घरात नेमकं तेच चाललेलं. एका उडीला बिस्कीट, दुसरीला ओरडा, तिसरीला नातवाची मिठी. शिकवणी चालूच होती, फक्त उड्या मारण्याची.

मग नवा अभ्यासक्रम. दहा दिवसांत हळूहळू खाणं बदललं, एकदम बदललं तर पोट पुन्हा बिघडतं. सकाळी डॉक्टरांनी ठरवून दिलेलं कोरडं खाद्य, मापानं. संध्याकाळी भात, लाल भोपळा, गाजर, फरसबी, आणि उकडलेलं अंडं. मीठ नाही, फोडणी नाही. अंड्यावर मात्र घरात दोन दिवस चर्चा झाली. आमच्याकडे ते कधी आलंच नव्हतं. शेवटी हिनं एक जुनं पातेलं काढून दिलं आणि मागच्या अंगणात शेगडी मांडली. प्लास्टर उतरल्यावर अंडी सोलायलाही तीच बसली.

शिकवताना बक्षीस म्हणून त्याच खाद्यातले दाणे, नाहीतर गाजराचे तुकडे. वेगळं काही नाही. "सिट" सोडून "बस" म्हणायचं ठरवलं. ढुंगण टेकताक्षणी दाणा. दोन-तीन सेकंदांचा उशीर झाला तरी त्याला नेमकं कशाबद्दल मिळालं ते कळत नाही. आणि उडी मारली तर? ओरडायचं नाही, हातानं ढकलायचंही नाही, कारण तोही त्याला खेळच. पाठ करून उभं राहायचं.

पहिल्या आठवड्यात उड्या वाढल्या! मी हताश झालो. पण पुस्तकात हेही होतं. नेहमीचं बक्षीस बंद झालं की जुनी सवय जाण्याआधी एकदा उसळते. दुकानाचं शटर उघडलं नाही की गिऱ्हाईक आधी जोरात ठोकतं, मग जातं. हे गिऱ्हाईक पंधरा-वीस दिवस ठोकत होतं. खरी पंचाईत ब्रुनोची नव्हतीच, येणाऱ्या-जाणाऱ्यांची होती. प्रत्येकाला फाटकातच सांगावं लागे, "चारही पाय जमिनीवर असतील तरच हात लावा." एक-दोघांना राग आला. आला तर आला.

पहाटेचं फिरणं दुप्पट केलं. त्यानं माझीही साखर थोडी खाली आली, हे आपलं जाता जाता.

आता वजन ३४ आहे. कुकरची शिट्टी झाली की अजून भुंकतो, मांजर दिसलं की सगळा अभ्यास विसरतो. पेपर उघडल्यावर पलंगाखाली जाणं जवळजवळ वर्षभरानं थांबलं. उघडण्याआधी पेपर त्याला हुंगायला द्यायचो, रोज. अजूनही देतो.

हिचं मनगट थंडीत दुखतं. आणि एक गंमत झाली आहे. पाहुणे आले, आणि हिनं "या, बसा," म्हटलं, की पाहुण्यांच्या आधी ब्रुनो बसतो.