एक बोट आणि एक वासरू

मराठीत ‘चाळिशी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, एक वयाचा आणि दुसरा चष्म्याचा. चष्म्याची चाळिशी लागली की माणूस दुकानात जाऊन क्रमांक काढून घेतो आणि प्रश्न मिटतो. वयाच्या चाळिशीला असा क्रमांक नसतो. घर आहे, व्यवसाय आहे, मुले शिकत आहेत, प्रकृतीही बरी आहे, आणि तरीही सकाळी उठताना मनावर कसलेसे ओझे असते. ते कोणाला सांगावे आणि कोणत्या शब्दांत सांगावे, हेच कळत नाही. एलियट जॅक्स या कॅनेडियन मनोविश्लेषकाने 1965 साली एका निबंधात या अवस्थेला ‘मिड-लाइफ क्रायसिस’ असे नाव दिले. नाव नवे असले तरी दुखणे जुनेच आहे.

या दुखण्यावर हसत हसत बोट ठेवणारा ‘सिटी स्लिकर्स’ हा अमेरिकी चित्रपट 1991 साली प्रदर्शित झाला. गुळगुळीत राहणीच्या शहरी बाबूंना तिकडची गावाकडची माणसे थट्टेने ज्या नावाने ओळखतात, तेच चित्रपटाचे नाव. दिग्दर्शन रॉन अंडरवूड यांचे, पटकथा लॉवेल गँझ आणि बाबालू मँडेल या जोडीची, आणि नायकाच्या भूमिकेत विनोदी अभिनेते बिली क्रिस्टल. चित्रपटात काही चावट विनोद आहेत आणि भाषाही जागोजाग सैल आहे, तेव्हा लहान मुलांना शेजारी बसवून पाहण्याचा हा चित्रपट नव्हे. परंतु ज्या घरात चाळिशी-पन्नाशीचा कर्ता पुरुष अलीकडे हसेनासा झाला आहे, त्या घरातील मोठ्यांनी तो अवश्य पाहावा.

नायक मिच रॉबिन्स न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्रासाठी जाहिरातींची वेळ विकतो. एकोणचाळिसाव्या वाढदिवशी पहाटे सव्वापाचला आईचा दूरध्वनी येतो आणि ती त्याच्या जन्माची कथा दरवर्षीप्रमाणे साग्रसंगीत ऐकवते. तो ती झोपेतच ऐकतो, कारण त्याला ती तोंडपाठ आहे. त्याचे वडील कोच-खुर्च्या मढवणारे कारागीर होते. त्यांच्या हातून निदान बसता येईल अशी वस्तू घडत असे, आपण मात्र हवा विकतो, ही टोचणी त्याला लागली आहे. मुलाच्या शाळेत पालकांनी आपापल्या व्यवसायाविषयी बोलायचे असते, तेव्हा त्याचा मुलगा वर्गाला सांगतो की बाबा पाणबुडीवर अधिकारी आहेत. पुढे मिच बोलायला उभा राहतो आणि विशी, तिशी, चाळिशी, पन्नाशी असे एकेक दशक घेऊन माणूस कसा झिजत जातो याचे असे वर्णन करतो की ती चिमुकली मुले अवाक् होतात. प्रेक्षक हसून बेजार होतो, आणि त्या हसण्याखाली एक थंड स्पर्शही जाणवतो. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर मिच आयुष्याच्या ताळेबंदात फक्त घसारा लिहीत बसला आहे. मालमत्तेची बाजू त्याला दिसतच नाही.

त्याचे दोन मित्रही याच पंक्तीतले. फिल हा सासऱ्याच्या मालकीच्या किराणा भांडारात व्यवस्थापक आहे. घरी पत्नीचा धाक, दुकानात सासऱ्याचा, आणि या कोंडमाऱ्यातून त्याच्या हातून जे अनुचित घडते त्यामुळे नोकरी आणि संसार दोन्ही एका संध्याकाळी जातात. नातेवाइकांच्या पेढीवर उमेद खर्ची घातलेली माणसे व्यापारी समाजाला नवी नाहीत. त्यांना फिलची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही. तिसरा एड. याला वय वाढल्याचे मान्य नाही, आणि नव्या संसारात मूल हवे की नको हे ठरवण्याचे धैर्यही नाही. हे दोघे मिचला वाढदिवसाची भेट म्हणून दोन आठवड्यांच्या एका विलक्षण सहलीचे निमंत्रण देतात. न्यू मेक्सिकोतून कोलोरॅडोपर्यंत घोड्यावर बसून गुरांचा कळप हाकत न्यायचा. मिचचा बेत सासू-सासऱ्यांकडे फ्लोरिडाला जाण्याचा असतो. त्याची पत्नी बार्बरा त्याला म्हणते की तू जा, आणि हरवलेले हसू शोधून आण. चित्रपटातील सर्वांत शहाणे पात्र बहुधा हेच असावे, पण पटकथेने तिला फार थोडा वेळ दिला आहे.

कळपाचा म्होरक्या आहे कर्ली. ही भूमिका जॅक पॅलन्स यांनी केली. पेनसिल्व्हेनियातील कोळसा खाणकामगाराच्या घरी जन्मलेले हे अभिनेते. 1953 सालच्या ‘शेन’मध्ये त्यांनी थंड डोळ्यांचा बंदूकबाज खलनायक उभा केला होता. तोच चेहरा, अडतीस वर्षांच्या सुरकुत्यांसह, येथे येतो. कर्ली फारसा बोलत नाही आणि त्याला सगळे घाबरतात. मिच कॉफी दळण्यासाठी विजेरीवरचे यंत्र सुरू करतो, त्याच्या घरघरीने गुरे बिथरतात आणि सारा तळ उद्ध्वस्त होतो. पांगलेली गुरे शोधण्यासाठी कर्ली नेमका मिचलाच बरोबर घेतो. एखाद्या बडबड्या कारकुनाला साहेबाबरोबर दौऱ्यावर जावे लागावे, तशी मिचची अवस्था होते.

या दोघांच्या वाटचालीत चित्रपटाचा गाभा आहे. कर्ली मिचला वय विचारतो आणि सांगतो की तुम्ही सारे साधारण याच वयात, हीच दुखणी घेऊन येथे येता. वर्षाचे पन्नास आठवडे स्वतःच्या दोराला गाठी मारता आणि उरलेल्या दोन आठवड्यांत त्या सुटतील अशी अपेक्षा धरता. मग तो विचारतो, आयुष्याचे रहस्य काय आहे ठाऊक आहे का? आणि हाताचे एक बोट वर करतो. मिच विचारतो, म्हणजे हे बोट? कर्ली म्हणतो, एकच गोष्ट. ती धरून ठेवली की बाकीच्यांना काही किंमत उरत नाही. ती एक गोष्ट कोणती, असे मिच विचारतो तेव्हा उत्तर मिळते की ते तुझे तू शोधायचे.

ज्या परंपरेचे प्राचीन नावच ‘निर्ग्रंथ’, म्हणजे गाठ नसलेला, त्या परंपरेतील वाचकाला हा गुराखी परका वाटणार नाही. पटकथालेखकांना जैन तत्त्वज्ञान ठाऊक असण्याचे काही कारण नाही, आणि कर्लीला साधुपुरुष ठरवण्याचीही आवश्यकता नाही. तरीही गाठींचा हा हिशेब वाचकाने स्वतःला लावून पाहावा असा आहे. पर्युषणाचे आठ दिवस किंवा दशलक्षणाचे दहा दिवस उपवास, स्वाध्याय, प्रतिक्रमण, शेवटी क्षमायाचना, आणि उरलेले साडेतीनशेहून अधिक दिवस भावाभावांतील वाटणीचा दावा, शेजारच्या दुकानाशी स्पर्धा, मुलाच्या गुणपत्रिकेवरून घरात चढलेला आवाज. कर्लीने हे गणित पाहिले असते तर त्याने तेच सांगितले असते.

कर्ली हा मार्गदर्शक म्हणून वेगळा वाटतो याचे कारण त्याची काटकसर. आजकाल जीवन कसे जगावे हे सांगणाऱ्यांची वाण नाही. शिबिरे आहेत, शुल्क आहे, पायऱ्या क्रमांकासह छापलेल्या असतात. कर्ली प्रश्न देतो आणि उत्तराची जागा कोरी ठेवतो. इतकेच नव्हे, थोड्याच काळाने एका पहाटे तो झाडाखाली बसल्या जागी मरण पावतो. मिचला दुसऱ्यांदा विचारण्याची सोयच राहत नाही. गुरू गेल्यावर शिष्याची खरी परीक्षा सुरू होते हे आपल्याकडे अनेक चरित्रांत वाचायला मिळते. ते येथे एका विनोदी चित्रपटात, कोणताही आव न आणता, मध्यंतराच्या सुमारास घडून जाते.

घोड्यांवरून चालता चालता तिघे मित्र एकमेकांना आयुष्यातील सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट दिवस विचारतात, तो प्रसंग पुन्हा पुन्हा पाहावा असा आहे. मिचला आठवतो तो सातव्या वर्षी वडिलांचे बोट धरून प्रथमच पाहिलेला बेसबॉलचा सामना. एड सुरुवातीला बोलायलाच तयार नसतो. मग सांगतो की वडील आईशी प्रतारणा करीत होते, आणि चौदाव्या वर्षी त्याने त्यांना घराबाहेर काढले. आई आणि बहिणीला आता मी सांभाळीन, असे म्हणाला. तोच त्याचा सर्वांत चांगला दिवस. सर्वांत वाईट दिवस कोणता, या प्रश्नाचेही उत्तर तोच दिवस. आतापर्यंत उथळ वाटणारा हा माणूस पिता होण्यास का भितो, याचा उलगडा एका वाक्यात होतो. पुरुष आपसांत व्यापार, क्रिकेट आणि राजकारण बोलतात, याविषयी मात्र बोलत नाहीत. त्यासाठी त्यांना घोड्यावर बसून दोन राज्ये ओलांडावी लागली.

फिल कोसळतो तेव्हा मिच त्याला लहानपणीच्या खेळाची आठवण देतो. चेंडू झाडात अडकला की मुले ओरडत, पुन्हा डाव. तुझे आयुष्यही आता पुन्हा डाव आहे, पाटी कोरी आहे. सांत्वन म्हणून हे उत्तम आहे. विचार म्हणून ते अपुरे वाटते, कारण कर्माची पाटी इतक्या सहजपणे कोरी होत नाही. प्रतिक्रमणात परतणे आहे खरे, पण परतण्यापूर्वी आलोचना आहे, कोठे चुकलो त्याचा स्पष्ट उच्चार आहे. फिलने ज्यांना दुखावले त्यांच्याकडे वळून पाहण्याची तसदी चित्रपट घेत नाही.

आता वासराविषयी. भटकलेली गुरे शोधताना एक गाय अडलेली आढळते. ती वाचणार नसते. कर्लीच्या सांगण्यावरून मिच, ज्याने आयुष्यात हवेपलीकडे काही हाताळलेले नाही, कोपरापर्यंत हात घालून वासरू बाहेर काढतो. त्याचे नाव तो नॉर्मन ठेवतो. पुढे म्होरक्या नसलेल्या कळपाला सोडून पगारी गुराखी निघून जातात, इतर सहप्रवासीही वाट बदलतात, आणि तीन शहरी बाबूच भर वादळात गुरे पैलतीरी नेतात. नॉर्मन नदीत वाहून जाऊ लागतो तेव्हा मिच त्याच्यासाठी पाण्यात झेपावतो, स्वतःही वाहू लागतो, आणि मित्र दोघांना ओढून काढतात. पाण्यातून निघताना त्याला ती एक गोष्ट सापडलेली असते, त्याचे घर, त्याची माणसे.

हे गृहस्थाचे उत्तर आहे. एकत्वभावनेचे चिंतन करणारा म्हणेल की पत्नी-मुलेही शेवटपर्यंत सोबत येत नाहीत, तेव्हा शोध येथे थांबू नये. ते खरेच आहे. पण जो माणूस घरात असून घरात नव्हता, त्याने आधी घरी तरी यावे.

कळप कोलोरॅडोला पोहोचल्यावर मालक आनंदाने सांगतो की गुरांना मांसाच्या कंपनीकडून चांगला भाव मिळाला आहे. ज्यांना वादळातून, नदीतून जीव धोक्यात घालून आणले ती सारी कत्तलखान्याकडे जाणार. तिघांचे चेहरे पडतात. मग चित्रपट पुढे सरकतो, आणि जैन प्रेक्षक मात्र तेथेच अडतो. वरातीच्या वाटेवर कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून रथ मागे फिरवणारे नेमिकुमार ज्याने बालपणापासून ऐकले आहेत, त्याला हा प्रसंग ओझरता घालवता येत नाही. नेमिकुमारांनी राजुलमतीचा विवाहमंडप सोडून गिरनारची वाट धरली. मिच विमानतळावरून घरी येताना एक वासरू घेऊन येतो.

हसू येते, आणि तेथे हसणे चुकीचेही नाही. शेकडोंतून एकच वाचवले, बाकीच्यांचे काय, हा आक्षेपही बरोबर आहे. चित्रपटाची ही मोठी उणीव आहे, ती विनोदाने झाकलेली आहे. तरी श्रावकाच्या व्रतांना शास्त्रकारांनी ‘अणुव्रत’ म्हटले आहे, आणि ‘अणु’ म्हणजे लहान. त्या मापाने पाहिले तर न्यूयॉर्कच्या जाहिरात-विक्रेत्याचे एक वासरू हिशेबात घेण्याजोगे आहे. नोकरी सोडणार का, या प्रश्नाला तो पत्नीला सांगतो की नोकरी तीच, फक्त ती अधिक चांगली करीन, सगळेच अधिक चांगले करीन.

कर्लीच्या भूमिकेसाठी जॅक पॅलन्स यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. मार्च 1992 मधील त्या समारंभात 73 वर्षांच्या या गृहस्थांनी मंचावरच एका हातावर जोर काढून दाखवले. दोन वर्षांनी, 1994 साली, चित्रपटाचा दुसरा भाग निघाला. कर्ली तर मरण पावला होता, म्हणून त्याचा जुळा भाऊ शोधून काढला आणि पॅलन्स यांनाच ती भूमिका दिली. या भागात मिचला कर्लीच्या टोपीत एक नकाशा सापडतो आणि सोबत्यांसह तो पुन्हा पश्चिमेकडे निघतो, या वेळी पुरलेले सोने शोधायला. एका बोटावर समाधान मानलेल्या माणसाला निर्मात्यांनी तीन वर्षांत सोन्याच्या मागे लावले. हा दुसरा भाग पाहिला नाही तरी चालेल.