मासळीचा पैसा

परवा लिफ्टमध्ये कागद चिकटवलेला दिसला: श्रावण सुरू असल्याने मासळीवालीने जिन्याने यावे. माझं डोकंच उठलं. आई भाऊच्या धक्क्यावरून मासळी उचलून दारोदार फिरायची, भरलेली पाटी घेऊन जिनेच चढायची.

त्यातलं तिसऱ्या मजल्यावरचं एक दार माझ्या मनातून जात नाही. मे महिन्यातल्या पापलेटांची उधारी, वर आषाढातले सुके बोंबील. आई पैसे मागायला गेली, मी तिच्या पदराला धरून. गृहस्थ पूजेवरून उठून आले, कपाळाला ताजं गंध. म्हणाले, "मावशी, पवित्र महिना आहे. मासळीचा पैसा घरातून काढायचा नाही. गणपती झाले की या."

नेमकी तेव्हाच आम्हाला पैशाची निकड असायची. आता पावसाळी मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै असते. तेव्हा आमच्यासाठी नारळी पौर्णिमा हीच तारीख. दर्याला नारळ द्यायचा आणि होडी लोटायची. त्याआधी जाळी विणायची, डिझेल भरायचं, बर्फ घ्यायचा. ज्या श्रावणात त्यांचं खाणं थांबतं, त्याच श्रावणात आमचं पोट सुरू होतं.

जिवाच्या दयेपोटी कुणी मांस सोडलं तर त्याला मी मनापासून हात जोडते. पण दीप अमावास्येला दिवे उजळायचे सोडून मटणाच्या रांगेत उभं राहायचं आणि दुसऱ्या दिवशी कोळणीला जिना दाखवायचा, ही भक्ती मला कळत नाही.

आमची एकवीरा कार्ल्याला चैत्यगृहाच्या तोंडाशीच बसली आहे. भिक्षूंसाठी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेलं, भारतातलं सर्वांत मोठं चैत्यगृह, आणि त्याच्या दारात कोंबड्या-बोकडाचा मान घेणारी आमची देवी. बुद्धासमोर हे शोभतं का, असं मला तिथे दरवेळी वाटतं. उत्तर सापडत नाही. पण तिथे कुणी आपलं ताट झाकून ठेवत नाही.

आई सोमवारी मासळी तोंडात घालत नसे. दिवसभर सुरमईच्या तुकड्या करायची, वाटे लावायची, कोपरापर्यंत खवले चिकटलेले. संध्याकाळी आंघोळ करून शंकराला बेल वाहायची आणि मगच भगर खायची. बेल, फुलं, उदबत्ती, सगळं मासळीच्या पैशातून यायचं. तिसऱ्या मजल्यावरची उधारी गणपतीनंतर अर्धीच मिळाली.