पुढच्या ब्रेकचा व्हिडिओ

आमच्या ऊसपट्ट्यात पोराच्या हातात दुचाकी देताना पहिला सल्ला ठरलेला: ‘पुढचा ब्रेक लावू नको, पलटी होशील.’ हा सल्ला घातक आहे. ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं होतं. म्हणून गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. अकरावी-बारावीच्या मुलांना हे पटावं म्हणून मी व्हिडिओ केला. कोरडं, स्वच्छ डांबर, सराईत चालक, ४०चा वेग, दोन्ही ब्रेक, गाडी जागच्या जागी. मुलांना तो फार आवडला.

पुढे त्यांच्यातल्याच एकानं घराकडे वळताना खडीवर तो ब्रेक करकचून आवळला. पुढचं चाक सरकलं, मनगटाचं हाड मोडलं. व्हिडिओत खोटं काही नव्हतं. पण आधी हलका दाब, वजन पुढे आलं की मग वाढता दाब, हे बोटांचं काम त्यात दिसतच नव्हतं. मी कॅमेरा सगळ्या गाडीवर ठेवला होता. वळण, वाळू, ओलं शेण यांचा तर उल्लेखही नव्हता. आणि दाखवलं असतं तरी नुसतं बघून हात तयार होत नाही. त्याला मोकळं मैदान लागतं आणि शेजारी शिकवणारा लागतो.

त्याच्या वडिलांना भेटलो तेव्हा याहून मोठी चूक कळली. ‘सर, तुम्ही शिकवलंत म्हणूनच डेअरीला दूध घालायला त्याला गाडी देत होतो.’ मुलगा १६ वर्षांचा. या वयात परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. गिअरच्या गाडीला १८ पूर्ण लागतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यापायी पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. मला हे सगळं पाठ होतं, व्हिडिओत मात्र त्यातलं एक अक्षर नव्हतं. सरांनीच दाखवलं म्हटल्यावर घरचे त्याला परवानगीच समजणार, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्या बापासमोर मला काही बोलता आलं नाही.

ब्रेकचा व्हिडिओ मी काढून टाकला. ब्रिटनमध्ये २००२पासून परवान्याच्या परीक्षेत रस्त्याच्या चित्रफिती दाखवतात आणि धोका तयार होताना दिसला की उमेदवारानं लगेच बटण दाबायचं असतं. आता मी त्या वाटेनं जातो. चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून आमचेच रस्ते टिपतो आणि मध्येच चित्र थांबवून विचारतो, ‘काय दिसतंय?’

एका फितीत तिन्हीसांजेला रस्त्याकडेला उसाची ट्रॉली उभी आहे, मागे रिफ्लेक्टर नाही. मुलांनी ट्रॉली ओळखली, समोरून येणाऱ्या गाडीचा झोतही ओळखला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘सर, चाकाखाली दगड लावलाय. ट्रॉली गेली तरी तो रस्त्यावरच राहणार.’

चित्रण मी केलं होतं, पण तो दगड मला दिसला नव्हता. तेव्हापासून नवी फीत आधी मुलांसमोर लावतो, त्यांना काय काय दिसतं ते टिपून घेतो आणि मगच त्यावरचे प्रश्न तयार करतो.